इंग्रजी वाक्याची घडण आणि आपल्या मुलांच्या चुका



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांचा हात रेडिओ बंद करण्यासाठीं पुढें गेला असेल. व्याकरण, आणि तेंही इंग्रजीचें! परंतु घरांत इंग्रजी शिकणारें मूल असेल, तर थोडा वेळ थांबावें, अशी माझी विनंती आहे. मी पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पुढें धुळें व जळगांव या दोन जिल्ह्यांतील शाळांतून आयुष्य घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. आज जें सांगावयाचें आहे, तें मी पुस्तकांपेक्षां स्वतःच्या एका चुकीपासून अधिक शिकलों. ती चूकच प्रथम सांगतों, म्हणजे विषय आपोआप पुढें येईल.

नोकरीचीं माझीं पहिलीं वर्षें होतीं. धुळें जिल्ह्यांतील एका लहानशा गांवीं मी इंग्रजी शिकवीत असें. एके दिवशीं मीं मुलांना आपापल्या घराविषयीं दोन दोन वाक्यें इंग्रजींत बोलावयास सांगितलीं. मागच्या बाकावरची एक शेतकऱ्याची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘माय फादर आर फार्मर. टू बुलक आर व्हाइट.’ वर्ग हंसला. मीही हंसलों. हंसून थांबलों असतों तरी बरें झालें असतें. परंतु मीं तिला फळ्यासमोर उभें केलें आणि ‘बुलक्स, बुलक्स’ असें दहा वेळां म्हणावयास लावलें. तिनें तें म्हटलें. त्यानंतर त्या वर्षांत ती आपण होऊन इंग्रजीचें एक वाक्यही बोलली नाहीं.

पुष्कळ वर्षांनीं, परीक्षेच्या वह्या तपाशीत असतां, तसलेंच एक वाक्य पुन्हां माझ्या डोळ्यांपुढें आलें. तेव्हां मीं तें सहज मराठींत लिहून पाहिलें: ‘माझे वडील शेतकरी आहेत. दोन बैल पांढरे आहेत.’ आणि मी चपापलों. त्या मुलीनें एकही नियम मोडला नव्हता. नियम मात्र मराठीचे होते, इंग्रजीचे नव्हते, एवढेंच.

आतां हीं दोन वाक्यें आपण जरा निरखून पाहूं. ‘दोन बैल पांढरे आहेत’ यांत, ‘दोन’ हा शब्द बाजूस ठेविला, तर अनेकवचन कोठें दिसतें? ‘बैल’ या शब्दांत तें नाहीं. एक असला तरी बैल आणि दोन असले तरी बैलच. देव, हत्ती, लाडू, कवी या पुल्लिंगी नामांचें तसेंच आहे. घोडा, आंबा, रस्ता यांसारखीं आकारान्त नामें तेवढीं घोडे, आंबे, रस्ते अशीं बदलतात. मग बैल अनेक आहेत हें कळतें कशावरून? ‘पांढरा’ होता तो ‘पांढरे’ झाला यावरून, आणि ‘आहे’ होतें तें ‘आहेत’ झालें यावरून. म्हणजे येथें अनेकवचनाचें ओझें विशेषण आणि क्रियापद यांनीं उचललें आहे. नाम मोकळेंच उभें आहे.

इंग्रजींत हा कारभार निराळ्या रीतीनें चालतो. ‘द टू बुलक्स आर व्हाइट’ या वाक्यांत ‘व्हाइट’ हें विशेषण एकास तेंच आणि शंभरांस तेंच. बैलास तेंच आणि गाईसही तेंच. अनेकवचनाची खूण नामाला लागली पाहिजे, आणि क्रियापदानें तिची दखल घेतली पाहिजे. त्या मुलीनें ‘आर’ बरोबर म्हटलें, कारण ‘आहेत’ तिच्या तोंडीं होतें. ‘बुलक’ तसेंच ठेविलें, कारण तिच्या बोलण्यांत बैल तसाच राहतो. आणि ‘माय फादर आर’ असें ती कां म्हणाली? तर घरीं तिला ‘वडील आहेत’ असें म्हणावयास शिकविलेलें होतें. वडिलांना एकवचनी संबोधणारें मूल आपल्याकडे उद्धट ठरतें. इंग्रजीला हें आदरार्थी बहुवचन ठाऊक नाहीं; तेथें बापही ‘इज’ आणि बैलही ‘इज’. ज्याला मीं चूक म्हणून हंसलों, तो त्या लेकराचा विनय होता.

दोन भाषांत असा फरक कां पडावा? मराठी ही प्रत्ययांची भाषा आहे, तर आजची इंग्रजी ही मुख्यतः स्थानांची भाषा आहे. ‘गाईनें वासरास चाटलें’ म्हणा, ‘वासरास गाईनें चाटलें’ म्हणा, अर्थ हलत नाहीं. ‘नें’ आणि ‘स’ हे दोन पहारेकरी शब्दांच्या पाठीशीं उभे आहेत. शब्द कोठेंही गेले तरी ते त्यांची ओळख सोडीत नाहींत. इंग्रजींत ‘द काउ लिक्ड द काफ’ यांतील दोन नामांची अदलाबदल केली, कीं वासरूं गाईस चाटूं लागतें. तेथें शब्द कोणत्या जागीं बसला, यावर त्याचें काम ठरतें.

इंग्रजी ही पूर्वींपासून अशी नव्हती. सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत आणि विशेषणेंही लिंगवचनाप्रमाणें बदलत. पुढें शब्दांच्या शेवटच्या अक्षरांवरचा जोर कमी होत गेला, उत्तरेकडून आलेल्या डेन लोकांशीं व्यवहार वाढला, आणि १०६६ सालच्या नॉर्मन स्वारीनंतर राजदरबाराची भाषा फ्रेंच झाली. अशा अनेक कारणांनीं प्रत्यय झिजत झिजत बहुतेक नाहींसे झाले. प्रत्यय गेल्यावर शब्दांच्या जागा पक्क्या कराव्या लागल्या. जुन्या घराच्या भिंती पडाव्या आणि चार खांब तेवढे उभे राहावे, तसा ‘स’ मागें राहिला. ‘ऑक्सन’, ‘चिल्ड्रेन’, ‘मेन’, ‘फीट’, ‘माइस’ हीं अनेकवचनें म्हणजे त्याच जुन्या घराचे अवशेष आहेत. म्हणून तीं पाठच करावीं लागतात. त्यांना नियम विचारूं नये.

आतां या जागा कोणत्या, तें पाहूं. ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकानें १९५४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत क्रियापदांचे २५ सांचे मांडले. आपल्या घरगुती कामास पांच सांचे पुरेत. पहिला सांचा कर्ता आणि क्रियापद यांचा: ‘द रिव्हर रायझेस’, नदी चढते. दुसऱ्यांत कर्त्याला ‘इज’ किंवा ‘आर’ यांच्या दोरीनें विशेषण बांधावयाचें: ‘द बनानाज आर राइप’, केळीं पिकलेलीं आहेत. तिसऱ्यांत कर्त्यानंतर क्रियापद व त्यानंतर कर्म: ‘फार्मर्स ग्रो कॉटन’, शेतकरी कापूस पिकवितात. मराठींत क्रियापद वाक्याच्या शेवटीं येऊन दार लावून घेतें; इंग्रजींत तें मध्यें बसतें, आणि तें तेथें बसलें म्हणूनच डावीकडचा कर्ता व उजवीकडचें कर्म ओळखूं येतें.

चौथ्या सांच्यांत देण्याघेण्याचीं क्रियापदें येतात: ‘द फार्मर गेव्ह द चिल्ड्रेन टू बनानाज’. शेतकऱ्यानें मुलांना दोन केळीं दिलीं. आपल्या ‘ना’ या प्रत्ययाचें काम येथें निव्वळ जागेनें केलें आहे: आधीं कोणाला, मग काय. हा क्रम फिरवावयाचा असेल, तर ‘टु’ हा शब्द मध्यस्थ म्हणून आणावा लागतो. पांचव्यांत कर्मानंतर विशेषण येतें: ‘द रेन मेड द रोड्स मडी’. पावसानें रस्ते चिखलाचे केले.

हा पांचवा सांचा समजला, म्हणजे जागेचें महत्त्व पुरतेंपणीं पटतें. ‘शी फाउंड द एम्टी बॉक्स’ म्हणजे तिला ती रिकामी पेटी सांपडली. ‘शी फाउंड द बॉक्स एम्टी’ म्हणजे पेटी उघडून पाहते तों ती रिकामी! शब्द तेच, ‘एम्टी’नें एक घर ओलांडलें, आणि पहिल्या वाक्यांत शोध संपला, तर दुसऱ्यांत घरांत चोरी झाली.

क्रियापदाच्या बाबतींत मराठी मुलाला आणखी एक अडचण पडते. आपलें क्रियापद कधीं कर्त्याकडे पाहतें, तर कधीं कर्माकडे. ‘मुलगा भाकरी खातो’ यांत तें मुलाकडे पाहतें. ‘मुलानें भाकरी खाल्ली’ यांत भाकरीकडे, आणि ‘मुलानें लाडू खाल्ले’ यांत लाडवांकडे. इंग्रजी क्रियापद कर्माकडे कधींच पाहत नाहीं. वर्तमानकाळीं तें कर्त्याकडे पाहतें. भूतकाळीं, एक ‘वॉज-वेअर’ सोडलें तर, कोणाकडेच पाहत नाहीं. मुलानें खावो, मुलींनीं खावो, भाकरी असो वा लाडू, सर्वत्र ‘एट’.

वर्तमानकाळांतील ‘स’ची गंमत मी मुलांना अशी सांगत असें: ‘द बॉय रन्स’ आणि ‘द बॉइज रन’. कर्ता व क्रियापद हे दोघे एका बाकावर बसले आहेत आणि त्यांच्यांत ‘स’ची टोपी एकच आहे. नामानें ती घातली कीं क्रियापदाचें डोकें उघडें. नामानें काढली कीं क्रियापद ती घालतें. ‘चिल्ड्रेन प्ले’ यासारख्या वाक्यांत दोघांचीही डोकीं उघडीं राहतात, हा अपवाद सांगावा. ‘मी’ आणि ‘तूं’ यांना मुळींच टोपी नाहीं, हेंही सांगावें. परंतु नेहमींच्या शब्दांत एवढ्या एका खुणेनें मुलांच्या निम्म्या चुका थांबतात, असा माझा अनुभव आहे.

येथें आपल्या अहिराणीची आठवण केल्यावांचून मला राहवत नाहीं. ग्रिअर्सनसाहेबांनीं हिंदुस्थानांतील भाषांची पाहणी केली, तेव्हां १९०७ सालच्या खंडांत खानदेशी बोलीस त्यांनीं भिल्ली भाषांच्या शेजारीं स्थान दिलें. या बोलींत ‘पाऊस पडतो’ याला ‘पाऊस पडस’ म्हणतात, आणि ‘तो करतो’ याला ‘तो करस’. इंग्रजींत ‘इट रेन्स’, ‘ही डझ’. शेवटीं सकार दोन्हीकडे! या दोन सकारांचें कांहीं नातें आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. हा केवळ योगायोग आहे, आणि अहिराणींत अनेकवचनींही ‘करतस’ असा सकार राहतो. तरी ज्या मुलाच्या तोंडीं ‘पडस’ आहे, त्याला ‘रेन्स’ शिकवितांना हें साम्य दाखविलें, तर त्याचा चेहरा उजळतो. आपल्या घरच्या बोलीचा गुरुजींनीं वर्गांत मानानें उच्चार केला, एवढ्यानेंच त्याची अर्धी भीती जाते. आणखी एक गोष्ट त्याला सांगावी. इंग्रजी क्रियापदाचा हा ‘स’ मूळचा राजधानीचा नव्हेच. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत ‘मेक्स’ नव्हे, ‘मेकेथ’ असें रूप आढळतें. ‘स’ उत्तर इंग्लंडच्या बोलींतून दक्षिणेंत आला आणि पुढें शिष्ट ठरला. तेव्हां बोली ही हंसण्याची वस्तु नव्हे. आजची शिष्ट भाषा कालच्या कोणाच्या तरी बोलीची ऋणी असते.

आतां विशेषणांकडे वळूं. इंग्रजी विशेषण बदलत नाहीं, म्हणून तें सोपें, असें वाटतें. परंतु खरी अडचण निराळी आहे. आपण जेथें नाम वापरतों, तेथें इंग्रज पुष्कळदां विशेषण वापरतो. मला भूक लागते, मला तहान लागते, मला भीति वाटते. या वाक्यांत भूक, तहान, भीति याच कर्त्या आहेत. त्या बाहेरून येतात आणि मला लागतात; मी बिचारा ‘ला’ प्रत्यय लावून बाजूस उभा असतों. इंग्रजींत मी स्वतःच कर्ता होतों आणि भूक माझें विशेषण होते: ‘आय अ‍ॅम हंग्री’, ‘आय अ‍ॅम थर्स्टी’, ‘आय अ‍ॅम अफ्रेड’. हा दुसऱ्या क्रमांकाचाच सांचा. परंतु मुलाला तो सांचा दाखविला नाहीं, तर तें ‘मला’ला इंग्रजी शब्द शोधीत बसतें आणि वाक्य अडकतें.

शेवटीं अनेकवचनी नामें. कोणती वस्तु मोजावी आणि कोणती मोजूं नये, याविषयीं प्रत्येक भाषेचा स्वभाव निराळा असतो. आपल्या जिल्ह्याचें फळ घ्या. एक केळें, अनेक केळीं; आणि झाड असेल, तर एक केळ, अनेक केळी. लेखनांतील एका अनुस्वाराखेरीज दोन्ही अनेकवचनें सारखींच, आणि उच्चारांत तर तोही भेद नाहीं. इंग्रजींत ‘बनाना’ आणि ‘बनानाज’ असा सरळ हिशेब. कापसाच्या बाबतींत दोन्ही भाषा एकमत आहेत: शेतांत कितीही कापूस असो, तो ‘कापूस’ आणि ‘कॉटन’च. परंतु आपले केस पांढरे होतात, इंग्रजाचा ‘हेअर’ पांढरा होतो. आपण पैसे मोजतों, त्याचा ‘मनी’ मोजला जात नाहीं. आपण तांदूळ धुतले म्हणतों, त्याचा ‘राइस’ एकवचनींच धुतला जातो. उलट आपली कात्री एक, त्याची ‘सीझर्स’ अनेक. आपला चष्मा एक, त्याचे ‘स्पेक्टकल्स’ अनेक, कारण तो दोन पात्या आणि दोन भिंगें मोजतो. ‘न्यूज’ला शेवटीं ‘स’ दिसतो, पण तिच्यापुढें ‘इज’च येतें. अशा शब्दांची यादी फार मोठी नाहीं. वहीच्या शेवटच्या दोन पानांवर ती मावेल. मुलाला ती ओरडून पाठ करावयास न लावतां, ‘आपण असें म्हणतों, ते तसें म्हणतात’ अशा रीतीनें जोडीजोडीनें लिहावयास लावावें.

उच्चाराविषयीं एकच सूचना करतों. लिहितांना ‘स’ दिसला, तरी तो तीन प्रकारांनीं उच्चारला जातो: ‘बुक्स’ यांत सकार, ‘डॉग्ज’ यांत जकाराजवळचा, आणि ‘बसेस’, ‘बॉक्सेस’ यांसारख्या शब्दांत एक स्वर मध्यें घालून. शेवटचा आवाज कानीं पडला नाहीं, म्हणजे मूल तो लिहितही नाहीं. म्हणून वाचून दाखवितांना घाई करूं नये.

महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेंतच इंग्रजी सुरू झालें. मीं स्वतः पांचवींत मुळाक्षरें गिरविलीं होतीं. आतां चार वर्षें लवकर सुरुवात होते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु जेथें भाषा लवकर येते, तेथें लाजही लवकर येऊं शकते, हें विसरतां कामा नये. सुशिक्षित घरांतून हल्लीं मुलांचें मराठी कच्चें राहिलें तरी चालेल, इंग्रजी पक्कें झालें म्हणजे झालें, असा एक समज दिसतो. मला तो उलटा वाटतो. ज्या मुलाला ‘दोन बैल पांढरे आहेत’ यांत अनेकवचन कोठें आहे हें बोट ठेवून दाखवितां येतें, त्याला तें इंग्रजींत कोठें ठेवावयाचें, हें एका वाक्यांत सांगतां येतें. ज्याला स्वतःच्या भाषेची घडण ठाऊक नाहीं, त्याला दुसऱ्या भाषेचे नियम केवळ घोकावे लागतात.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ १८३६ सालीं प्रसिद्ध झालें. त्या वेळीं इंग्रजी व्याकरणाचा नमुना पुढें ठेवून त्यांनीं मराठीची घडण आपल्याला दाखविली. पुढें धुळ्यास राहून काम करणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनीं मराठीचीं नामें व क्रियापदें यांचा जुन्या ग्रंथांतून आणि जिवंत बोलींतून शोध घेतला. त्यांचा मराठी धातुकोश त्यांच्या निधनानंतर धुळ्याहूनच प्रसिद्ध झाला. इंग्रजीच्या उजेडांत मराठी पाहण्याचें काम आपल्या वडीलधाऱ्यांनीं केलें. आतां मराठीच्या उजेडांत इंग्रजी पाहण्याचें लहानसें काम प्रत्येक घरांत होऊं शकेल. त्याला पदवी लागत नाहीं. मूल चुकलें, कीं तें वाक्य त्याला मराठींत म्हणावयास सांगावें. अहिराणी बोलत असेल तर अहिराणींत. मग तीन प्रश्न विचारावे: क्रियापद कोठें बसलें? विशेषण बदललें काय? अनेकवचन कोणीं उचललें? उत्तरें त्याचें तेंच देतें, आणि चूक कोठें झाली तेंही त्याचें त्यालाच दिसतें. आणि हंसूं नये.

त्या मुलीला हें सांगण्याची संधि मला मिळाली नाहीं. मीं ती शाळा सोडली, तीही शाळेंतून गेली. मराठींत मी म्हणेन, ‘मला लाज वाटते’. म्हणजे लाज कोठून तरी येते आणि मला वाटून जाते. इंग्रजी सांच्यांत ही पळवाट नाहीं. तेथें ‘आय’ हा कर्ता पहिल्या जागेवर उभा राहतो आणि म्हणतो, ‘आय अ‍ॅम अशेम्ड’. वाक्य लहान आहे, तीनच शब्दांचें. परंतु तें नीट शिकावयास मला बरींच वर्षें लागलीं.